दार बंद आढळले

मी दारात बसलो होतो आणि फोनवर निरोप आला की आमचं दार बंद आहे.

नीट सांगायचं तर निरोप असा होता: आपले टपाल घेऊन आमचा प्रतिनिधी आपल्या पत्त्यावर आला होता. दार बंद आढळले. आपल्या सहकार्याबद्दल आभार. मी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला आणि दाराकडे पाहिलं. दार सताड उघडं होतं. कौशल्याने नुकतीच फरशी पुसली होती आणि ती वाळेपर्यंत कुणी आत पाय ठेवायचा नाही असा तिचा दंडक आहे, म्हणून मी खुर्ची उंबऱ्यावरच ओढून घेतली होती. मागचे पाय घरात, पुढचे जिन्याच्या चौकात, मांडीवर पुस्तक. कुणी वर आलं असतं तर त्याला माझ्या गुडघ्यांना वळसा घालूनच पुढे जावं लागलं असतं. कुणीही आलं नव्हतं. हे मला पक्कं माहीत होतं, आणि तरीही निरोप दुसऱ्यांदा वाचून झाल्यावर मी मागे हात नेऊन दाराची कडी चाचपून पाहिली.

समोरचा ठामपणे बोलला की स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलंही मला डळमळीत वाटू लागतं. पिंपरीच्या कारखान्यात मी कामगारांचं वाचनालय सांभाळत असे. एकदा हजेरीच्या यंत्रात माझं कार्ड नीट दाबलं गेलं नसावं. दिवसभर मी पुस्तकं दिली, घेतली, फाटक्या पानांना खळ लावली, आणि महिनाअखेरीला कळलं की त्या दिवशी मी कामावर नव्हतोच. टाइम ऑफिसातला माणूस म्हणाला, यंत्र कशाला खोटं बोलेल? मी म्हटलं, तेही खरंच. घरी येऊन मी तो दिवस पुन्हा पुन्हा आठवत राहिलो. खळीचा आंबूस वास आठवत होता, पण खळ तर मी रोजच लावत होतो. तो वास त्याच दिवसाचा, हे कशावरून? वाद न घालता मी ती गैरहजेरी घेतली. आता इतक्या वर्षांनी पुन्हा एक यंत्र मला सांगत होतं की मी नव्हतो, आणि या वेळी तर मी माझ्या घरच्या दारात, माझ्याच खुर्चीवर बसलेला होतो.

कौशल्याला निरोप वाचून दाखवला. ती म्हणाली, डुलकी लागली असेल. मी म्हटलं, डुलकी लागली तरी दार कसं लागेल? त्यावर ती म्हणाली की हे तुम्ही मला नाही, त्यांना विचारा, आणि फरशी अजून वाळलेली नाही.

टपालात फार काही नव्हतं. मोडी लिपी वाचायला शिकवणारं एक जुनं पुस्तक मी कोल्हापूरच्या दुकानदाराकडून मागवलं होतं. या वयात मोडी शिकून काय करणार, असं कौशल्याने विचारलं होतं आणि मला सांगता आलं नव्हतं. पुस्तक आज ना उद्या येईल, नाही आलं तरी बिघडत नाही, अशी मी स्वतःची समजूत घालत होतो. पण संध्याकाळपर्यंत ‘दार बंद’ हे दोन शब्द खड्यासारखे टोचत राहिले. टपाल वाटण्याचं काम आमच्याकडे खाजगी कंपनीला दिल्यापासून असले शब्द फार आले आहेत. पोस्टमनला आता भागीदार म्हणतात, टपालाला शिपमेंट आणि आम्हाला ग्राहक. आमच्या यमुनानगरच्या कोपऱ्यावर पोस्ट होतं, ते बंद झालं. त्याच्याऐवजी मोबाइलच्या दुकानात एक काउंटर आहे. तिथला माणूस तिकीट मागितलं की आधी काचेखालची कव्हरं दाखवतो. मागे त्याला मी आंतरदेशीय पत्र मागितलं. तो म्हणाला, ते कुठल्या मॉडेलला बसतं? मी काही न घेता परत आलो. चिडायला हवं होतं, पण मला वाटलं, मीच काहीतरी अस्पष्ट बोललो असेन.

आणि कोंडीराम दिसेनासा झाला होता. आमच्या गल्लीत टपाल आणणारा कोंडीराम निघोज्याचा. त्यांच्या जमिनी एमआयडीसीत गेल्या, त्या पैशावर चुलतभावांनी जेसीबी घेतले, आणि याच्या वाट्याला टपालाची पिशवी आली. खात्यात तो कायम नव्हता. कुणी पोस्टमन रजेवर गेला की त्याच्या जागी काम करणारा बदली माणूस. पण आमच्या गल्लीचा मूळ पोस्टमन इतकी वर्षं रजेवरच असावा, कारण मी कोंडीरामखेरीज दुसऱ्याला कधी पाहिलं नव्हतं. तो खालूनच हाक मारायचा. मी उतरून जायचो आणि तो पायरीवर टेकायचा. पुस्तकाचं पाकीट हातात तोलून म्हणायचा, उद्धवराव, हे लई जड हाय, ह्यात सत्य असणार. पातळ मासिक असलं तर म्हणायचा, ह्यात निस्त्या कविता. आणि तो बहुतेक वेळा बरोबर असायचा. मी त्याच्याशी जितकं बोललो तितकं शेजारच्यांशी बोललो नाही. त्यातही बोलायचा तोच. मी पाकिटावरची दोरी सोडत उभा राहायचो. कंपनी आली, कायमचे पोस्टमन दुसरीकडे नेमले गेले, बदलीवाल्यांना टी-शर्ट आणि फोन मिळाले असं ऐकलं. मग गल्लीत दर आठवड्याला नवा चेहरा यायला लागला, तोही हेल्मेटमधला. कोंडीराम कुठे गेला हे मी कुणाला विचारलं नाही. कुणाला विचारायचं हेच कळत नव्हतं.

तक्रार करायची कल्पना खालच्या मजल्यावरच्या गणराजची. हिंजवडीला एका कंपनीत असतो, बराचसा घरूनच काम करतो. जिन्यात भेटला तेव्हा मी सहज म्हणून बोललो. तो म्हणाला, "काका, वन स्टार द्या आणि कम्प्लेंट टाका. सगळे दार बंदच मारतात. तुम्ही एकटेच ते खरं मानून कडी बघत बसता." तो हसला, मीही हसलो. पण रात्री जेवण झाल्यावर मी कागद घेतला आणि तक्रार लिहिली. लिहिताना मला बरं वाटत गेलं, फार दिवसांनी. एखादी गोष्ट मला निश्चित माहीत आहे आणि ती मी मांडतो आहे, हे सुख मी विसरलो होतो. ‘सदर वेळी दार उघडे होते व मी स्वतः दारातच बसलेलो होतो’ हे वाक्य मी तीन तऱ्हांनी लिहून पाहिलं. ‘सदर’ काढला, पुन्हा घातला. शेवटी एक वाक्य जोडलं की प्रश्न एका पुस्तकाचा नसून कामातील प्रामाणिकपणाचा आहे. हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं.

दुसऱ्या दिवशी गणराजने ते सगळं फोनवर उतरवलं. वरून म्हणाला, थांबा काका, प्रूफ देऊ. चपला चोरीला जायला लागल्यापासून सोसायटीने जिन्यात कॅमेरे लावले आहेत. आमच्या मजल्यावरचा जरा खाली झुकलेला आहे. त्यात उघड्या दाराची खालची फळी दिसत होती, खुर्चीचे पाय दिसत होते आणि माझे पाय, गुडघ्यापासून खाली, निळ्या पट्ट्यांच्या सपातांत. कोपऱ्यात वेळ. मी ते चित्र बराच वेळ पाहिलं. आपण असल्याचा पुरावा माणसाला सहसा असा मिळत नाही. गणराजने तो जोडला आणि बटण दाबलं.

उत्तर लगेच आलं, याचंही मला कौतुक वाटलं. आपली तक्रार योग्य आढळली. संबंधित भागीदारावर कारवाई करण्यात आली आहे. योग्य आढळली, हे दोन शब्द मी कौशल्याला ऐकवले. ती भाजी निवडत होती. म्हणाली, पुस्तक कधी येतंय ते लिहिलंय का? ते लिहिलेलं नव्हतं. तरी त्या दिवशी मी खुशीत होतो. गणराजला पेढे द्यावेत असं माझ्या मनात येऊन गेलं.

आणि मग कोंडीराम आला.

जिन्यावर पावलं वाजली. एक पाऊल, मग थांबणं, मग दुसरं. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही आणि आम्ही चौथ्या मजल्यावर. दारात तो उभा राहिला तेव्हा अंगात साधा पांढरा शर्ट होता आणि हात कठड्यावरून निघत नव्हता. खाकीत नसलेला कोंडीराम मी पहिल्यांदाच पाहत होतो. कौशल्या म्हणाली, अगं बाई, कोंडीरामभाऊ, किती दिवसांनी.

"मालकांनी बोलावलं की, वहिनी."

"यांनी? हे कुणाला बोलावत नाहीत."

"लेखी बोलावलंय," कोंडीराम म्हणाला आणि खुर्चीवर बसून पाणी मागितलं.

माझ्या लक्षात यायला वेळ लागला. तो पाणी प्यायला, तांब्या खाली ठेवला, तरी मी हसऱ्या चेहऱ्याने त्याच्याकडे पाहत होतो. मग कळलं, तो ‘संबंधित भागीदार’ म्हणजे हाच. बाकीचं त्यानेच सांगितलं, तक्रारीच्या सुरात नाही, पाऊसपाण्याची माहिती द्यावी तसं. आता गल्ल्या कुणाच्या ठरलेल्या नसतात. सकाळी फोन जो भाग दाखवील तो. त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी त्याला यमुनानगर आलं होतं. चिखलीपासून वाटत वाटत तो इथवर पोचला तेव्हा वेळ संपत आलेली. वेळ संपली की फोन लाल होतो आणि उरलेलं सगळं माणसाच्या नावावर चढतं. त्याआधी प्रत्येक पाकिटापुढे काहीतरी दाबून मोकळं व्हावं लागतं. खाली उभं राहून त्याने हाक मारली होती म्हणे. ती मला ऐकू आली नाही. बहुधा मी वाचत होतो.

"गुडघा चढू दीना," तो म्हणाला. "म्हणलं, उद्धवराव कुठं जात्यात? उद्या सकाळच्याला आणून दिऊ."

मी म्हणालो, मग जिना चढवला नाही, असं लिहायचं होतं.

"त्ये न्हाई त्यात. तिनच हायती. पत्ता चुकीचा, घ्यायला नकार, आन् दार बंद. पत्ता चुकीचा दाबला आसता तर तुमी हितं ऱ्हातच न्हाई आसं झालं आसतं. नकार दाबला आसता तर तुमच्यावर आळ. दार बंद म्हंजी कुणाचंच काय जात न्हाई. म्हणून समदे त्येच दाबत्यात." जरा थांबून तो म्हणाला, "तुमी लिवलं त्यात खोटं कायबी न्हाई. दार उघडंच आसंल."

हे त्याने म्हणायला नको होतं. मला कोंडीरामचा राग आला. त्याने मला माझ्याच घरातून पुसून टाकलं होतं आणि वर समजूतदारपणा दाखवत होता. मग त्या रागाचाच राग आला. मग तीनच पर्याय ठेवणाऱ्या, मला न दिसणाऱ्या कुणा माणसाचा आला. त्याने कधी चार जिने चढून कुणाला काही दिलं असेल का? आणि सगळ्यात जास्त त्या वाक्याचा, कामातील प्रामाणिकपणाच्या. ते मी कुणाला लिहिलं होतं? मला वाटलं होतं, कंपनीला. कंपनी म्हणजे कुठेतरी टेबलामागे बसलेला, चष्मा कपाळावर सरकवून वाचणारा कुणी अधिकारी, तो वरमेल आणि सुधारणा करील. पण तक्रार घरंगळत घरंगळत सगळ्यात खालच्या पायरीवर जाऊन थांबली, आणि तिथे बसायची सवय कोंडीरामची.

त्याचा आयडी बंद केला होता. आयडी बंद म्हणजे सकाळी फोन उघडत नाही, काम मिळत नाही. एवढंच असतं तर निभलं असतं, निघोज्यात गोदामं आहेत, कुठेही हमाली मिळते. पण बदलीवाल्यांनी कोर्टात केस लावली आहे, की खात्यात केलेली वर्षं धरून आम्हाला कायम करा. सुनावणी पुढच्या आठवड्यात होती आणि वकिलाने बजावलं होतं की त्या तारखेला जो टपालाच्या कामावर असेल त्याचंच नाव केसमध्ये टिकेल. सुटलेल्याचं कोर्ट ऐकणार नाही. म्हणजे खाकीतली ती सगळी वर्षं, ऊन, कुत्री, दिवाळीतलं शुभेच्छापत्रांचं ओझं, हे सगळं घडलं होतं की नव्हतं, ते एका आयडीवर येऊन ठेपलं होतं.

कौशल्याने सरळ विचारलं, मग यांनी आता काय करायचं?

कोंडीरामने माझ्याकडे पाहिलं नाही. भिंतीकडे पाहत म्हणाला, "गिऱ्हाइकानं सांगायचं आसतंय, की मी घरी नव्हतो. मंग खुलतंय. पर मी सांगा म्हणाया आलो न्हाई. माझ्यानं आन्याय झाला का काय ते बघाया आलो." आणि चहा न घेता उठला. जिना उतरताना त्याला चढण्याहून जास्त वेळ लागला. मी दारात उभा राहून ऐकत होतो. खाली जाऊन हात द्यावा असं वाटत होतं, पण त्याला ते आवडेल की नाही याचा विचार करता करता तो तळाला पोचलासुद्धा.

तक्रार मागे घेणं हे तक्रार करण्याइतकं सोपं असेल असं मला का वाटलं, कुणास ठाऊक. त्यांच्या नंबरवर फोन लावला. एका गोड आवाजाने माझं स्वागत केलं, सणांच्या शुभेच्छा दिल्या आणि आकडे दाबायला सांगितले. मी दाबत गेलो. शेवटी आवाज म्हणाला, आपली तक्रार निकाली निघाली आहे, आपण समाधानी असाल तर एक दाबा, नसाल तर दोन. मी नव्हतो समाधानी, मी दोन दाबलं. त्याबरोबर आवाज म्हणाला की आपल्या असमाधानाची नोंद संबंधित भागीदाराच्या नावे करण्यात आली आहे. मी फोन असा खाली ठेवला जसा काही तो तापला होता. म्हणजे आता माझ्या नावावर कोंडीरामविरुद्धच्या दोन तक्रारी झाल्या. गणराजकडे धावलो. त्याने बराच वेळ खटपट केली, कपाळाला हात लावला, काका तुम्ही कशाला दाबत बसलात म्हणाला. इथून काही मागे जात नाही. हबला जावं लागेल, चाकणला. मी विचारलं, हब म्हणजे? तो म्हणाला, पूर्वी पोस्ट असायचं ना, तसं, पण तिथे कुणी जात नाही.

मी गेलो. कौशल्या बरोबर येते म्हणाली, मी नको म्हटलं. जे बोलायचं होतं ते तिच्यासमोर मला जमलं नसतं. निगडीहून भोसरी आणि भोसरीहून चाकणची बस. मोशीपर्यंत ठीक होतं, चिंबळी फाट्याच्या पुढे बस जी थांबली ती थांबलीच. डावीकडे कोऱ्या मोटारी लादलेला ट्रक, उजवीकडे कंटेनर, मध्ये आमची बस आणि बसमध्ये शिफ्ट चुकल्याच्या धास्तीने फोनवर बोलणारी माणसं. मी मनातल्या मनात वाक्य घोळवत होतो. मी घरी नव्हतो. चांगलं वाक्य होतं, तीन शब्दांचं, त्यात दुरुस्तीला जागा नव्हती. तरी ते जिभेवर बसेना. आयुष्यात मी खोटं बोललो नाही असं नाही, पण ती खोटी बोलणी होकाराची होती: हो, आवडलं, हो, समजलं, हो, माझीच चूक. ज्या एका गोष्टीविषयी मी कधी नव्हे तो ठाम होतो, तीच आता मला स्वतःच्या तोंडाने खोडायची होती. आणि खोडायला जायचं तर त्यासाठी अर्धा दिवस धूर खात उभं राहायचं. मला इतकी चीड आली की शेजारच्या बाईने सरकून जागा दिली, तिलाही मी नीट धन्यवाद म्हणालो नाही.

चाकणला मी पूर्वी वाचनालयाची पेटी घेऊन येत असे. कारखान्याचे बरेच कामगार या बाजूच्या गावांतले. महिन्यातून एकदा टेम्पोत पुस्तकांची पेटी टाकून मी बाजाराजवळ बसायचो, लोक जुनी परत करायचे, नवी न्यायचे. परत आलेल्या पुस्तकांना कांद्याचा वास असायचा. बाजाराच्या दिवसांत तर पानांत टरफलं सापडायची, पातळ, गुलाबी, कुणी खूण म्हणून घातलेली की आपोआप गेलेली, कळायचं नाही. तो बाजार कुठल्या बाजूला होता ते आता मला ओळखता येईना. जिकडे पाहावं तिकडे निळी पत्र्याची गोदामं, त्यांच्यावर मोठमोठी अक्षरं आणि फाटकापाशी टोपीतला पहारेकरी. हबच्या पहारेकऱ्याने विचारलं, डिलिव्हरी का पिकअप? मी म्हणालो, दोन्ही नाही. त्याने मला बाजूला उभं केलं. बराच वेळ मी ‘दोन्ही नाही’ म्हणून उन्हात उभा होतो.

आतला आवाज मला अजून आठवतो. पोत्यांमधून पाकिटं सरकत्या पट्ट्यावर पडत होती, तोंडाला रुमाल बांधलेल्या बाया हातातल्या यंत्राने एकेक टिपत होत्या, आणि प्रत्येक पाकिटाला एक टुक. टुक, टुक, टुक, शेकडो. भिंतीशी प्लास्टिकचे क्रेट होते, त्यांत पोस्टकार्डं, लग्नपत्रिका, हाताने पत्ते लिहिलेली पाकिटं. त्यांना टुक होत नव्हतं. मी एका बाईला विचारलं, ही कधी जातात? ती म्हणाली, बारकोडच्या रेघा नाहीत ना त्यांच्यावर, यंत्राला दिसतच नाहीत. सवड मिळाली की देऊ. वरच्या कार्डावर धूळ होती. मी ते उचलून पुसलं आणि पुन्हा तिथेच ठेवलं, कारण कुणीतरी माझ्याकडे पाहत होतं.

पाहणारी विजयश्री होती. हबची सुपरवायझर, टेबलावर तिच्या नावाची पाटी. माझं बोलणं तिने दोन वाक्यांत ओळखलं. म्हणाली, "काका, तुम्ही अंबाजोगाईकडले का? मी केजची." मला बरं वाटलं आणि वाईटही, कारण ओळखीच्या बोलीत खोटं बोलणं आणखी अवघड. तिने संगणकावर माझी तक्रार काढली, ‘सदर’सकट. वाचून म्हणाली, किती शुद्ध लिहायलात हो काका, अशी कुणी लिहीत नाही. मग तिने ते चित्र उघडलं. पडद्यावर माझे पाय मोठे होऊन आले, निळ्या पट्ट्यांच्या सपातांत. तिने खाली वाकून टेबलाखाली पाहिलं. त्याच सपाता मी घालून आलो होतो. मला दुसऱ्या नाहीत.

"मग हे पाय कुणाचे?" ती म्हणाली. आवाजात टोमणा नव्हता.

मी म्हणालो, पाहुणे आले होते.

खुर्ची जवळ ओढून हलक्या आवाजात तिने सांगितलं की हे असं करता येतं, पण त्याचं एक आहे. ग्राहक घरी नव्हता असं कबूल झालं आणि त्याने खोटी तक्रार केली असं ठरलं, की त्या पत्त्यावर यंत्र खूण करतं. पुढे त्या पत्त्यावर कुणाला पाठवत नाही. जे येईल ते इथून येऊन न्यायचं, ठेवण्याची मुदत संपली की परत. तुमचं ते कोल्हापूरचं पाकीट तर आजच परत गेलं. "ही खूण माझ्याच्यानं निघत नाही, काका. वरच्यांच्याही नाही निघत, मी विचारलेलं आहे. तुम्ही वाचणारे माणूस दिसता. विचार करा. कोंडीरामचं काय, तो कुठंतरी लागेल."

मी विचार केला. विचार म्हणजे काय, डोळ्यांपुढे घर आलं. टेबल, टेबलावर पातळ पाकिटं, त्यांवरची दोरी. साताऱ्याहून, नांदेडहून, कुठून कुठून येणारी ती मासिकं, ज्यांचे वर्गणीदार माझ्यासारखेच कुठल्या तरी चौथ्या मजल्यावर बसलेले असतील. माझं जगाशी जे काही येणंजाणं आहे ते तेवढंच, बाकी मी कुणाकडे जात नाही, माझ्याकडे कुणी येत नाही. त्यासाठी दर वेळी चिंबळी फाट्याचा धूर खात इथवर येणं मला या वयात जमणार नाही, हे तिला कळत होतं आणि मलाही. मला वाटलं, असंच उठावं आणि परत जावं. कोंडीरामने मागितलं नव्हतंच काही. हा विचार मी पूर्ण केला, शेवटपर्यंत. मग म्हणालो, काय करायचं ते सांगा.

तिने फोन माझ्यासमोर उभा करून ठेवला. पडद्यावर गोलात माझा चेहरा आला, घामेजलेला, खांद्यांत मान खुपसलेला. बोला, ती म्हणाली. मी बोललो. फोनमधल्या आवाजाने सांगितलं, आपले बोलणे स्पष्ट नाही, कृपया पुन्हा बोला. मी पुन्हा बोललो. पुन्हा तेच. विजयश्री म्हणाली, पट्ट्याचा आवाज येतोय हो काका, जरा मोठ्यानं. मला मोठ्याने बोलायची सवय नाही. वाचनालयात मी कुणाला गप्प बसा म्हणायचो तेसुद्धा खुणेने. तिसऱ्यांदा माझा आवाज फाटला, मध्येच बसला. आवाज म्हणाला, कृपया पुन्हा बोला. त्या कृपयाने माझं डोकं फिरलं. सगळं एकदम वर आलं: टाइम ऑफिसातला तो माणूस, एक दाबा दोन दाबा, तीन पर्याय, उन्हातला पहारेकरी, धुळीतली कार्डं. मी उभा राहिलो. टेबलाला दोन्ही हात टेकले आणि त्या गोलातल्या म्हाताऱ्यावर ओरडलो.

"मी घरी नव्हतो."

पत्र्याच्या छताला तो आवाज लागला आणि परत आला. बायांचे हात थांबले. क्षणभर एकही टुक ऐकू आलं नाही. पाकिटं पट्ट्यावरून तशीच न टिपता पुढे सरकत गेली.

फोनवर हिरवी खूण उमटली. विजयश्रीने संगणक माझ्याकडे वळवला. कोंडीरामचा फोटो करडा होता तो रंगीत झाला. कंपनीच्या टी-शर्टात तो अवघडून उभा होता. दोन्ही तक्रारी पुसल्या गेल्या म्हणाली. उद्या सकाळी त्याचा फोन उघडेल, तारखेला तो कामावर असेल. मग तिने दुसरं पान उघडलं. तिथे माझं नाव होतं, पत्ता होता आणि त्यापुढे लाल चौकोन. तो मला दिसू नये म्हणून तिने पडदा परत आपल्याकडे वळवायला घेतला, पण तोवर मी वाचला होता. ती म्हणाली, बघा काका, आता तुमच्याकडे कुणी येणार नाही. चालेल ना?

मी म्हणालो, चालेल. पण ते मी इतकं हळू म्हणालो असणार की तिने पुढे वाकून मला पुन्हा विचारलं.